कडेचे दिवे

विजयश्रीच्या नजरेतून केसाएवढी चीरही सुटत नाही, असं कारखान्यात सगळे म्हणायचे. त्यात खुशामतीचा भाग नव्हता, कारण तिची खुशामत करून कुणाच्या पदरात काही पडणार नव्हतं. चाकणच्या एमआयडीसीतला तो ब्रेकचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. तिथल्या शेवटच्या तपासणीच्या टेबलावर ती वर्षानुवर्षं बसत आली होती. समोर पांढराशुभ्र दिवा, एका हाताला निळा क्रेट, दुसऱ्या हाताला लाल. पंज्याएवढा लोखंडी ब्रॅकेट उचलायचा, दिव्याखाली फिरवायचा, चांगला असेल तर निळ्यात टाकायचा, खोट असेल तर लालमध्ये. नव्याने लागलेल्या पोरांना शिकायला तिच्याच शेजारी बसवत. ती शिकवायची म्हणजे काय, तर "बघत राहा, दिसंल आपोआप," एवढं बोलायची. पोरं मनातल्या मनात तिच्या नावानं खडे फोडायची.

पावसाळा संपता संपता माल घेणाऱ्या कंपनीकडून तक्रार आली. एका ब्रॅकेटच्या वरच्या होलाजवळ बारीक चीर सापडली होती. झालं, कारखान्यात धावपळ उडाली. त्या जागेचा मोठा रंगीत फोटो काढला, त्यावर लाल गोल केला आणि तो विजयश्रीच्या टेबलासमोर, अगदी नाकासमोर, टांगला. याला क्वालिटी अलर्ट म्हणतात. सोबत एक नियमही आला. प्रत्येक ब्रॅकेटची ती जागा बघायची आणि बघितल्याची खूण म्हणून तिथंच हिरव्या मार्करनं ठिपका द्यायचा. ठिपका नसेल तर माल परत. साहेब लोकांचा ठिपक्यावर फार जीव. ठिपका दिसला की काम झालं असं त्यांना वाटतं, आणि काही दिवसांनी ठिपका देणाऱ्यालाही तसंच वाटायला लागतं.

एका सकाळी क्वालिटीचा इंजिनिअर निरंजन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तसा भला पोरगा. आवाज चढवणं त्याला जमत नसे, त्यामुळे वरचे साहेब त्याच्यावर वैतागलेले असत. त्यानं एक ब्रॅकेट तिच्यासमोर ठेवला.

"ताई, हा बघा जरा. कस्टमरकडून परत आलाय."

विजयश्रीनं तो उचलून दिव्याखाली धरला. लाल गोलातली जागा बघितली. ठिपका तिचाच होता, शेपटी फुटलेला. तिच्या हाताची ती सवय होती.

"चीर न्हाई की सर ह्याला."

निरंजननं तिच्या हातातला ब्रॅकेट थोडा फिरवला. मग हळूच म्हणाला, "चीर नाहीये ताई. खालचा होलच नाहीये."

ब्रॅकेटला चार होल असतात. याला तीनच होते. चौथ्याच्या जागी सपाट, घट्ट लोखंड होतं. ड्रिल मारायचंच राहून गेलेलं. रस्त्यावरच्या कुणालाही दाखवला असता तरी त्यानं बोट ठेवलं असतं. तो विजयश्रीच्या हातातून एकदा गेला होता, आणि आता, परत आल्यावर, दुसऱ्यांदा जात होता.

"तुमच्यानंतर पॅकिंगला दोघांनी हाताळलाय हा. त्यांनाही दिसला नाही," निरंजन समजूत घालत म्हणाला. पण विजयश्रीच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आपल्या डोळ्यांना आईचं दुखणं लागलं.

तिची आई शालनबाई. औसा तालुक्यातलं गाव. म्हातारीला आता उजेड तेवढा कळतो. विजयश्रीच्या चऱ्होलीच्या दोन खोल्यांत ती भिंतीला हात लावून न्हाणीपर्यंत जाते आणि येताना दाराची कडी चाचपते. तिचं कसं झालं ते विजयश्रीनं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पाहूनही कुणाला काही कळलं नव्हतं. कारण शालनबाई शेवटपर्यंत सुई ओवायची! तांदळातला खडा टिपायची! फक्त चालताना गोठ्याच्या मेढीला धडकायची, उंबऱ्याला ठेचकाळायची, शेजारून कुणी हाक मारली की दचकायची. सगळे तिला वेंधळी म्हणायचे. "आई, बघून चाल की गं," असं विजयश्रीच किती वेळा म्हणाली असेल. लातूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, नजर कडेनं खात येतो, मधलं शेवटी जातं, गेलेलं परत येत नाही. तेव्हापासून विजयश्रीला अंधारापेक्षा त्या कडेची भीती बसली. दुखत नाही, खुपत नाही, सगळं दिसतंय असं वाटतं आणि कडा कुरतडली जात असते. माणसानं भ्यायचं तरी कशाला बघून?

तो होल खालच्या कडेला होता. कडेचंच दिसलं नाही. मग आणखी पुरावा कशाला हवा होता?

चारच दिवसांत तो पुरावाही चालत आला. ती कँटीनकडे निघाली होती. मान खाली, डोक्यात तीन होलांचा ब्रॅकेट. एकदम कानाशी हॉर्न किंचाळला आणि कुणीतरी तिचा दंड धरून मागं खेचलं. अंगाला वारा लावत फोर्कलिफ्ट गेली. चालवणारा हिंदुराव, मावळातला, तोंडाचा फाटका, तो गाडी थांबवून ओरडला, "ओ ताई! मरायचंय व्हय? कवाधरनं हॉर्न मारतुया! डोळं हायेत का न्हाईत?"

तो रागाच्या भरात बोलून गेला आणि विसरलाही. विजयश्री मात्र विसरली नाही. एवढी पिवळी धम्मक गाडी बाजूनं आली आणि तिला दिसली नव्हती. त्या दिवशी तिनं डबा न उघडताच परत नेला.

तिनं कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडं जायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. जोवर कुणी कागदावर लिहून देत नाही तोवर आपण आंधळे होणार नाही, असा काहीसा हिशेब तिच्या मनानं मांडला होता. शहाणी बाई, पण भीती शहाण्यालाच जास्त छळते. कंपनीच्या बसमध्ये ती दोन्ही हात कानांच्या बाजूला नेऊन बोटं हलवून बघे. पुढची बाई वळून बघायला लागली की केस सारखे केल्यासारखं करी. कारखान्यात डोळे तपासणारी गाडी येऊन गेली, तिनं तक्त्याची शेवटची ओळही वाचली, आणि पास झाल्याचा शेरा मिळाल्यावर ती आणखीच घाबरली. सुई तर आईसुद्धा ओवत होती.

एका संध्याकाळी तिनं मुलीला, मिनलला, समोर बसवलं. मिनल अकरावीत. आकुर्डीच्या कॉलेजात जायची. बापासारखी उंच आणि बापासारखीच हसरी. अलीकडं मात्र पोरगी अगदी धांदरट झाली होती. जेवताना हाताशेजारचा पेला लवंडायची. परवा आजीच्या खाटेला धडकली आणि खाटेलाच "सॉरी" म्हणाली, तेव्हा ज्योतीराम, तिचा बाप, पोट धरून हसला होता. सायकलही तिनं सोडली होती. क्लास जवळच आहे, चालत जाते, म्हणाली. "त्या मोबाइलातनं डोस्कं काढ आधी, बघून चाल की गं," असं विजयश्री दिवसातून दोनदा तरी खेकसायची.

"मिनल, दोन चमचे घे हातात. मी तुझ्या नाकाकडं बघते. तू बाजूनं चमचा आण. दिसला की मी सांगते."

"हे काय नवीन, आई?"

"कंपनीत शिकवलंय. घे."

मिनलनं चमचे धरले. विजयश्रीला दिसले, या बाजूचा, त्या बाजूचा, वरचा, खालचा. पण तिचा विश्वास बसेना. बहुतेक चमचा चकाकतो म्हणून दिसतो, असं तिनं ठरवून टाकलं. भीतीला खतपाणी घालायला माणूस कुठून कुठून कारणं आणतो!

"आता माझी पाळी," मिनल म्हणाली. विजयश्रीनं चमचे घेतले. मिनल सारखी मान वळवून चमचा शोधायला लागली.

"नाकाकडं बघ म्हणलं की! फसवायलीस व्हय?"

"नाही गं, बघतेय ना," म्हणत मिनल खिदळली आणि पुन्हा मान वळवली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. विजयश्री चमचे ओट्यावर टाकून उठली. तिला स्वतःच्या डोळ्यांची चिंता होती, पोरीचा खेळ खेळत बसायला वेळ कुठं होता?

कारखान्यात तिचं काम बिघडत चाललं. एक ब्रॅकेट ती चार-चार वेळा फिरवायची. कडा बघायची, पुन्हा बघायची, शंका आली की लालमध्ये टाकायची. लाल क्रेट चांगल्या मालानं भरायला लागला आणि मशीनवरून येणारा माल तिच्यामागं साचला. रस्त्यानं दुचाकी गेली तरी तिच्या मनात यायचं, हिच्या ब्रेकमध्ये आपण सोडलेला असेल का एखादा? ज्योतीरामनं एकदा विचारलं, "काय गं, जेवेनाशी झालीस?" तर ती त्याच्यावरच उखडली.

शेवटी निरंजन आला. उभ्या उभ्या, नजर चुकवत म्हणाला, "ताई, दोन दिवस सुटी घ्या. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. रिपोर्ट आला की या, टेबल तुमचंच आहे."

टेबल गेलं, एवढंच विजयश्रीला ऐकू आलं. घरी येऊन तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. ज्योतीराम भोसरीला वेल्डर. तो लगेच म्हणाला, मी रजा टाकतो. तिनं नको म्हटलं. शालनबाई खाटेवरून सगळं ऐकत होती. ती एवढंच बोलली, "जा बाई. मी उशीर केला. तू करू नगंस." आणि तिनं हवेत हात पुढं केला. विजयश्रीनं तो हातात घेतला, तेव्हा दोघींचेही हात गार होते. डोळ्यात औषध घातलं की धूसर दिसतं, म्हणून मिनलनं सोबत जायचं ठरलं.

आकुर्डीचं ते डोळ्यांचं हॉस्पिटल. स्टेशनच्या बाजूनं चालत जाताना विजयश्रीनं मिनलचा उजवा दंड घट्ट धरला होता. मिनलला वाटलं आई घाबरलीय. खरंच होतं ते.

डॉक्टर प्राजक्ता तापकीर चऱ्होलीच्याच निघाल्या. विजयश्री राहत होती ती इमारत जिथं उभी होती, तिथं त्यांच्या आजोबांचा हरभरा असायचा. एवढं बोलणं झाल्यावर एरवी विजयश्री मोकळी झाली असती. आज ती हो-नाही एवढंच बोलली. डोळ्यावर फुंकर मारणाऱ्या यंत्रानं डोळ्याचा दाब बघितला. फुंकर बसली तेव्हा ती खुर्चीतून उठायलाच निघाली. मग अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या अर्ध्या गोलात तिची हनुवटी टेकवली, एका डोळ्यावर पट्टी लावली आणि हातात बटण दिलं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. दिवा लागला, दाबलं. पुन्हा लागला, दाबलं. मध्ये जरा वेळ गेला की मनात यायचं, दिवा आला आणि दिसला नाही की काय? मग औषध घातलं, डोळ्याच्या आतला पडदाही बघून झाला.

डॉक्टर कागद घेऊन समोर बसल्या. विजयश्री त्यांच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती. ओठ हलण्याआधी काही कळतंय का, ते शोधत होती.

"डोळे उत्तम आहेत. काचबिंदूचा मागमूस नाही."

ती रडली नाही, हसली नाही. "मग होल का दिसला न्हाई?" असं तिनं जवळजवळ भांडणाच्या सुरात विचारलं. सगळी हकिगत सांगितली. लाल गोल, हिरवा ठिपका, फोर्कलिफ्ट, आईचे डोळे.

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "विजयश्रीताई, माझ्या ॲप्रनवर काय सांडलंय?"

विजयश्रीनं बघितलं. खिशाखाली निळ्या शाईचा हा एवढा, पुरीएवढा डाग होता.

"सकाळी तुम्ही आलात तेव्हापासून आहे. सगळ्या पेशंटनी विचारून झालं. तुम्ही माझं तोंड बघत होता."

विजयश्री ओशाळली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांवर हसू आलं.

"डोळ्यानं टिपलेलं मेंदूच्या मागच्या भागात जातं," डॉक्टर सांगू लागल्या. "पूर्वी वाटायचं, तिथं आधी सगळं चित्र जसंच्या तसं उतरतं आणि मग पुढं आपण हवं ते निवडतो. पण माणसांच्या डोक्याला तारा लावून, यंत्रात झोपवून तपासलं, तेव्हा कळलं की निवड फार लवकर सुरू होते. जिथं लक्ष लावलंय तिथली खबर मेंदू पहिल्याच नाक्यापासून मोठी करायला लागतो, बाकीची दाबायला लागतो. कंपनीच्या गेटवर वॉचमनला सांगितलं, आज फक्त लाल टेम्पोवर लक्ष ठेव, तर पांढऱ्या गाडीतून कोण गेलं ते त्याला सांगता येईल का? डोळे उघडेच होते त्याचे. तुमच्या साहेबांनी तुमच्या गेटवर तो लाल गोल टांगला. आणि भीती तर आणखी वाईट. तिला एकच गोष्ट दिसते."

"म्हणजे बघितलं आणि विसरलं, असं न्हाई?"

"नाही. पुरतं दिसलंच नाही."

विजयश्रीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्या सुटण्याच्या पाठोपाठ दुसरीच थंडी अंगात शिरली. डोळे बिघडले असते तर औषध होतं. डोळे धडधाकट असताना समोरची वस्तू नसल्यासारखी होते, मग माणसानं भरवसा ठेवायचा कशावर? आणखी काय काय असं आपल्यापुढून गेलं असेल?

"तुम्ही दरवर्षी तपासून घ्यायचं मात्र," डॉक्टर कागद सारखे करत म्हणाल्या. "तुमच्या आईला आहे म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनीच. कधी एक पिढी वगळून पुढच्या पिढीत निघतो, तरुण वयातसुद्धा. बाहेर मुलगी आहे ना तुमची? आलीच आहे तर तिचंही बघून घेऊ."

"तिला कशाला? लेकरू हाय ते," विजयश्री उठता उठता म्हणाली. "शाळेत तपासलं होतं की. तक्त्याची शेवटची ओळ वाचली तिनं..."

स्वतःचंच वाक्य तिच्या कानावर आदळलं आणि ती अर्धवट उठलेली तशीच राहिली. लवंडलेला पेला. खाटेला म्हटलेलं सॉरी. सोडलेली सायकल. चमचा शोधत वळणारी मान. सगळं तिच्या डोळ्यांसमोरच झालं होतं, दिवसाउजेडी, हाताच्या अंतरावर. त्या वेळी ती काय करत होती? ती स्वतःच्या डोळ्यांच्या कडा तपासत होती.

"मिनल!" तिनं हाक मारली. आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर बसलेले पेशंट वळून बघायला लागले.

मिनल आली. येताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला. "सॉरी," ती सवयीनं चौकटीला म्हणाली. या वेळी विजयश्रीला ते दिसलं. धसका बसावा इतकं स्पष्ट दिसलं.

फुंकर मारणाऱ्या यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टरांनी पुन्हा फुंकर मारली. मग मिनलला अंधाऱ्या खोलीत नेलं. आईलाही आत बसू द्या, असं विजयश्री इतक्या काकुळतीनं म्हणाली की यंत्र चालवणाऱ्या मुलीनं तिला कोपऱ्यातलं स्टूल दिलं. यंत्राच्या बाजूला एक छोटा पडदा होता. गोलात जिथं दिवा चमके, तिथं पडद्यावर ठिपका उमटे. औषधानं धूसर झालेल्या विजयश्रीच्या डोळ्यांनाही तो कळत होता.

ठिपका उमटला. मिनलच्या हातातलं बटण वाजलं. पुन्हा उमटला, पुन्हा वाजलं. विजयश्रीनं श्वास सोडला. मग डावीकडं, कडेला उमटला. खोली शांत होती. ठिपका विझला. त्याच्याजवळ दुसरा उमटला, आधीपेक्षा ठळक. विजयश्री पदर तोंडात धरून बटणाच्या आवाजाची वाट बघत राहिली. दाब गं बाई, दाब. समोर आलाय. दाब. मिनल हनुवटी टेकवून अगदी शहाण्यासारखी बसली होती, मधल्या ठिपक्याकडं एकटक बघत, सांगितलं होतं तशीच. आज ती फसवत नव्हती. त्या दिवशीही फसवत नव्हती.

विजयश्रीला ओरडून सांगावंसं वाटलं, डावीकडं बघ! पण बघून उपयोग नव्हता. आपल्यासारखं हिचं दुखणं लक्षाचं नाही, एवढं तिला त्या अंधारात उमगलं. विजयश्रीला सांगितलं तेव्हा कडेचे दिवे दिसले होते. हिला सांगूनही दिसत नव्हते.

पट्टी काढल्यावर मिनल डोळे चोळत म्हणाली, "यंत्र बिघडलंय का तुमचं? मध्येमध्ये दिवे यायचेच बंद होत होते."

यंत्र चालवणारी मुलगी छापून आलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही. डाव्या डोळ्याची कडा बरीच गेली होती, उजव्याची जायला लागली होती. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं मात्र राखता येईल. थेंब रोज घालायचे, एकही दिवस चुकवायचे नाहीत, लागलंच तर ऑपरेशन. आजीच्या वेळी उशीर झाला होता, हिच्या वेळी तितका झालेला नव्हता.

"तुला कधी जाणवलं नाही?" त्यांनी मिनलला विचारलं.

मिनल गोंधळली. "मला वाटलं, सगळ्यांना एवढंच दिसतं."

विजयश्रीनं तिला जवळ ओढलं. तिला रडू आलं ते मिनलच्या खांद्यावर, त्याच डाव्या खांद्यावर, ज्याच्यावर गेल्या काही महिन्यांत उठलेल्या निळ्या डागांना तिनं "बघून चाल" म्हणत हळद लावली होती. भीती गेली नव्हती. तिनं घर बदललं होतं, आणि नव्या घरात ती पहिल्यापेक्षा मोठी होऊन बसली होती.

दोघी बाहेर आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. विजयश्रीच्या हातातल्या पिशवीत दोन कागद होते. तिचा, टेबल परत देणारा, आणि मिनलचा. पहिल्याची आठवणसुद्धा तिला राहिली नव्हती. आकुर्डीचा रस्ता दुपारच्या शिफ्टच्या गाड्यांनी भरून वाहत होता. मिनल नेहमीसारखी बिनधास्त पुढं झाली आणि डाव्या बाजूनं आलेली दुचाकी तिला चाटून गेली. पोरीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिच्या लेखी गाडी आलीच नव्हती.

सकाळपासून विजयश्री मुलीच्या उजवीकडून, तिचा आधार घेत चालत होती. ती थांबली, मागून वळसा घालून पलीकडे गेली आणि मिनलचा डावा हात धरला.

"काय झालं आई? इकडून का?"

"इकडं सावली हाय," विजयश्री म्हणाली.

सावली त्या रस्त्यावर कुठंच नव्हती. मिनलनं मान वळवून पाहिलं नाही, आईचं म्हणणं खरं धरलं आणि ती चालायला लागली.